सगळे बसल्यावरचा हॉर्न

"मेल्या, हलू नकोस, कानात तेल जाईल!" वहिनी ओरडल्या आणि डब्यानं नेमकं तेव्हाच अंग झाडलं. तिळाच्या तेलाचे शिंतोडे माझ्या नव्या ड्रेसभर उडाले.

"अहो वहिनी, कुत्र्याला कुणी अभ्यंगस्नान घालतं का?" मी ओढणीनं तोंड पुसत म्हणाले.

"का? त्याला दिवाळी नाही? आज आंघोळ चुकली की म्हणे नरकात जातात. त्याला एकट्यालाच पाठवू होय नरकात? ते उटणं दे इकडं, आणि गप बस."

उटणं तिनं, म्हणजे वहिनींनी, सांगलीहून आणलं होतं. कितीही आदरानं लिहायचं म्हटलं तरी त्यांच्याबद्दल बोलताना माझी जीभ अशी मधूनच घसरते. डब्याचा पट्टा त्यांनी काढला आणि गाडीतल्या आरशाला अडकवला.

"पट्टा राहू द्या की गळ्यात. परका मुलूख आहे."

"ओल्या गळ्यावर पट्टा नको, पुरळ उठतं. वाळला की घालू."

तो पट्टा दिवसभर आरशालाच लटकत राहिला. पुढं जे रामायण झालं ते तिथूनच.

नेपाळच्या दक्षिणेला, आपल्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर एक छोटं गाव होतं. तिथं दिलमाया नावाच्या बाईचं चहाचं दुकान होतं आणि तिच्या अंगणातल्या हातपंपाशी आमची दिवाळी चालली होती. पंधरा दिवस नेपाळ हिंडून आम्ही परत निघालो होतो. आम्ही म्हणजे शरयूवहिनी, मी आणि डब्या.

शरयूवहिनी ही माझ्या थोरल्या भावाची बायको. मिरजेत त्यांनी वीस-बावीस वर्षं शाळेची व्हॅन चालवली. बायका चूल सांभाळून पापड-कुरडया विकायच्या त्या काळात ही बाई खाकी शर्ट घालून पोरं पोचवत होती. त्यांचे नियम ठरलेले. दारात आलं की दोन आखूड आणि एक लांब हॉर्न : पॉं पॉं पॉंऽऽ. म्हणजे या खाली. पोरं बसली की एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायची. सगळी भरली की एकच लांब हॉर्न, म्हणजे गॅलरीत उभ्या असलेल्या आयांना कळायचं की सगळे बसले, निघाली गाडी. आणि पोर घरच्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय गाडी हलायची नाही, मग पाऊस असो की मोर्चा असो.

डब्या त्याच गाडीवर वाढला. गावठी, तांबूस, एक कान फाटका. पोरांच्या डब्यातलं उरलंसुरलं खायला स्टॉपवर यायचा म्हणून पोरांनीच नाव ठेवलं डब्या. एक दिवस हॉर्न वाजला तसा पोरांबरोबर उडी मारून आत बसला तो कायमचा. वहिनींनी काम थांबवल्यावर जुनी व्हॅन विकली, एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिचं चाकांवरचं घर केलं. मागं दोन पलंग, मध्ये शेगडी, पाण्याची टाकी, पुढं डॅशबोर्डवर एवढासा गणपती. हॉर्न मात्र जुन्या व्हॅनचा काढून आणला आणि नव्या गाडीला बसवला. दादा म्हणाला, "माझी कंबर दुखते, मी येत नाही. पण डब्याला जपा." रोज फोन करायचा आणि आधी डब्याची तब्येत विचारायचा, मग बायकोची, वेळ उरला तर बहिणीची.

मला ह्या प्रवासाला यायचंच नव्हतं. त्या वर्षी मला कुठंच जायचं नव्हतं. पण ते नंतर.

मोजायची सवय वहिनींची काही सुटली नव्हती. गाडीत आम्ही दोघी आणि एक कुत्रं, तरी निघताना डब्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या, "एक." माझ्या डोक्यावर ठेवायच्या, "दोन." मग लांब हॉर्न.

"आणि तुम्ही, वहिनी?" मी एकदा विचारलं होतं.

"ड्रायव्हरला मोजत नसतात," त्या म्हणाल्या होत्या, आणि पुढं विषय नाही.

तर आंघोळ झाली. डब्या उटण्यानं पिवळा आणि तेलानं चकचकीत झाला होता. तेवढ्यात दिलमाया ताट घेऊन बाहेर आली. ताटात झेंडूची माळ, लाल टिका, तांदळाच्या पिठाची तळलेली एक गोल सेलरोटी. मोडक्यातोडक्या हिंदीत ती म्हणाली, "दीदी, आज तर आमच्याकडं कुत्र्यांचाच सण. कुकुर तिहार. तुम्ही त्याला न्हाऊ घातलंत, आता मी पुजते."

आणि खरंच तिनं गुडघे टेकून आमच्या गावठी डब्याच्या कपाळाला टिका लावला, गळ्यात माळ घातली, हात जोडले. डब्यानं सेलरोटी दोन घासांत संपवली आणि ताटाकडं बघत बसला.

"बघितलंस?" वहिनी मला म्हणाल्या. डोळे भरले होते बाईचे. "आपण नुसतं तेल लावलं. हिनं नमस्कार केला." मग गाडीत जाऊन त्यांनी चकल्यांचा अख्खा डबा दिलमायाच्या हातात दिला.

दुपारी आम्ही भन्सारला, म्हणजे तिकडच्या जकात नाक्याला आलो. गाडी नेपाळात ठेवायच्या परवान्याचा तो शेवटचा दिवस होता, संध्याकाळी पाचच्या आत गाडी हद्दीबाहेर. डब्याचे कागद वहिनींनी आदल्या दिवशीच करून ठेवले होते. लशीचा दाखला, डॉक्टरचा दाखला, फोटो, सगळं एका फायलीत, फाईल गाडीतच. नाक्यावर सणाची गर्दी. त्या खिडकीशी रांगेत उभ्या राहिल्या, मी डब्याला धरून गाडीशी.

"पट्टा घाल त्याला!" रांगेतून त्या ओरडल्या.

"घालते!" मी म्हणाले. एका हातानं गाडीचं दार उघडलं, दुसरा हात डब्याच्या मानेवर. आणि पलीकडच्या पोरांनी सुतळी बॉम्ब लावला.

धडाम्! डब्या जो उसळला! मी दोन्ही हातांनी धरायला गेले, पण तेल लावलेलं कुत्रं कुठं हातात राहतं? सुर्रकन निसटला. माझ्या हातात झेंडूच्या चार पाकळ्या राहिल्या. तो सायकलरिक्षांच्या खालून, लोकांच्या पायांतून, गावाच्या दिशेनं गेला आणि दिसेनासा झाला.

"वहिनीऽऽ!"

त्या रांग सोडून धावत आल्या. माझ्या हातातल्या पाकळ्या बघितल्या आणि गावाकडं वळल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आम्ही शोधायला लागलो. काय सांगू तुम्हाला, त्या गावात त्या दिवशी प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात माळ आणि कपाळाला टिका! ज्या कोपऱ्यावर जावं तिथं एक नवरदेव बसलेला. दिलमायानं आरडाओरडा करून अर्धं गाव गोळा केलं. लोक बिचारे चांगले, जो तो एकेक कुत्रं धरून आणायचा. "हा का?" "हा बघा, हाच." एकानं तर चक्क काळंभोर कुत्रं आणलं. वहिनी प्रत्येकाला नमस्कार करून "नाही हो, हा नाही" म्हणायच्या आणि त्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून पुढं जायच्या. चिडल्या नाहीत की रडल्या नाहीत. घरी दादाला काय तोंड दाखवायचं हेच माझ्या डोक्यात फिरत होतं.

चार वाजून गेले. आम्ही नाक्यावर परत आलो. खिडकीतला अधिकारी बरा माणूस होता, पण म्हणाला, "बाई, गाडी पाचच्या आत गेलीच पाहिजे. मोठे साहेब सणासाठी गावी गेलेत, मुदत वाढवायचा अधिकार मला नाही. गाडी जप्त करणं माझ्याही जिवावर येईल."

"माणसं थांबू शकतात?" वहिनींनी विचारलं.

"माणसं हवी तितकी थांबा. पलीकडं पायी कधीही जा."

वहिनींनी क्षणभर गाडीकडं बघितलं. मग खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर धरली.

"वन्सं, घ्या."

एरवी त्या मला कुमुद म्हणायच्या. वन्सं म्हणायच्या ते चिडवताना, नाहीतर नणंदेचा मान द्यायचा असला की. त्या वेळी चिडवत नव्हत्या.

"मी? वहिनी, मला नाही जमायचं!"

"लायसन्स आहे ना तुझ्याकडं?"

"आहे म्हणजे काय, पंचवीस वर्षांपूर्वी काढलेलं! ह्यांनी एकदा तरी हात लावू दिला का मोटारीला? तुमच्या शेजारी बसून मोकळ्या हायवेवर चालवली तेवढीच. तीसुद्धा समोरून ट्रक आला की मी डोळे मिटत होते!"

"मिटत होतीस, पण स्टिअरिंग सोडत नव्हतीस. मी बघत होते." त्यांनी किल्ली माझ्या मुठीत कोंबली. "हे बघ, तो ह्या गावात आहे. मी त्याला सोडून येणार नाही. आणि गाडी जप्त झाली तर तो परत येणार तरी कशात? तू गाडी सांभाळ, मी डब्याला शोधते."

"आणि सापडला नाही तर?"

"तर मी इथंच राहीन. दिलमाया चहा देईल." एवढं बोलून त्या वळल्या आणि चालायला लागल्या. साठीची बाई, पायात साध्या चपला, पाठ ताठ. मागं वळून बघितलं नाही त्यांनी. बघितलं असतं तर मी नक्की गळा काढला असता.

मी गाडीत चढले. गणपतीच्या पाया पडले. पहिला गिअर पडेना. मागचे रिक्षावाले घंट्या वाजवायला लागले. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा धक्का देऊन निघाली. फाटकाच्या दोन खांबांमधून ती कशी पार झाली ते त्या गणपतीलाच ठाऊक. दोन हद्दींमधला मोकळा पट्टा ओलांडून मी आपल्या हद्दीत आले, तिथल्या जवानानं दाखवली त्या लिंबाच्या झाडाखाली गाडी उभी केली आणि हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. मग रडले. घाबरून रडले, आणि खरं सांगायचं तर जमलं म्हणूनही रडले.

वहिनींचा फोन लागेना. त्यांचं नेपाळी कार्ड आदल्याच दिवशी संपलं होतं. ऊन उतरायला लागलं. आरशाला तो पट्टा लटकत होता. मी त्याच्याकडं बघत बसले आणि मला आमचा सांगलीतला फ्लॅट आठवला.

आता सांगते. त्या वर्षी फाल्गुनात माझा नवरा घर सोडून गेला होता. भांडण नाही, तंटा नाही. सव्वीस वर्षं संसार करून एके दिवशी म्हणाला, मला आता वेगळं राहायचंय, आणि बॅग भरून गेला. कुणाबरोबर गेला ते सगळ्या सांगलीला माझ्याआधी माहीत होतं. मी दार लावून घेतलं. दूधवाला बंद केला, पेपर बंद केला. कुणी बेल वाजवली तरी उठायची नाही. वहिनी मिरजेहून रोज गाडी घेऊन यायच्या आणि माझ्या खिडकीखाली हॉर्न मारायच्या. पॉं पॉं पॉंऽऽ. रोज. मी पलंगावर पडून ऐकायची आणि कूस बदलायची. थोड्या वेळानं गाडी निघून जायची. लांब हॉर्न न मारता जायची, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

एक दिवस दारावर नखांचा आवाज आला. खर्र खर्र. उठले नाही तर भुंकायला लागला. दार उघडलं तर डब्या! दोन जिने चढून आलेला, धापा टाकत. त्यानं माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि खाली ओढायला लागला. मी विस्कटलेल्या केसांनी, अनवाणी, त्याच्या मागं खाली आले. वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर होत्या. काही विचारलं नाही, समजूत घातली नाही. म्हणाल्या, "बस. आपल्याला लांब जायचंय. शेजारी कुणीतरी लागतं." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दोन."

हॉर्न ऐकूनही न येणारं माणूस कसं असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. पण डब्या माझ्यासारखा नव्हता. तो हॉर्न वाजला आणि तो आला नाही, असं कधी झालं नव्हतं. आणि वहिनी त्याला पायी शोधत होत्या, हॉर्न माझ्या हाताखाली होता! इतका वेळ मी काय करत बसले होते?

मी हॉर्न दाबला. पॉं पॉं पॉंऽऽ.

जवान पळत आला. तरणाताठा, गढवालकडचा असावा. "मॅडम, मॅडम! हॉर्न बंद! ही काय जागा आहे?"

"माझं कुत्रं पलीकडं हरवलंय, भाऊ. ह्या हॉर्नला येतं ते."

"मॅडम, इथं हॉर्नला मनाई आहे."

"मग मला पकडा. पण मी वाजवणार." हे मी बोलले? मीच बोलले! आयुष्यात कुणाला उलटून बोलले नव्हते, आणि बोलले ते बंदूकवाल्याला. "त्यानं मला घरातून बाहेर काढलंय. मी त्याला इथं टाकून जाणार नाही."

त्याला काय समजलं कुणास ठाऊक. मान खाजवून म्हणाला, "गाडीचं तोंड तिकडं करा मग. झाडाआडून आवाज कसा जाणार?" आणि हात हलवत "थोडं मागं, अजून मागं, बस" करून त्यानंच मला गाडी वळवून दिली.

मी वाजवत राहिले. अंगठा दुखायला लागला तेव्हा तळहातानं वाजवलं. फाटकापाशी लोक जमून हसत होते. आणि मग त्या हसण्याचा सूर बदलला. कुणीतरी ओरडलं, "आला, आला!"

मधल्या मोकळ्या पट्ट्यातून, अगदी रस्त्याच्या मधोमध, डब्या येत होता. अर्धी माळ गळ्यात, अर्धी जमिनीवर लोळतेय, टिका पसरून सगळं तोंड लाल. त्याच्या मागून गावातली दोन कुत्री, तीही माळा घालून. ती फाटकापाशी थांबली. डब्या आडव्या बांबूखालून वाकून आत आला, जवानाकडं ढुंकूनही बघितलं नाही आणि थेट उडी मारून गाडीत, आपल्या जागेवर!

मी त्याला मिठी मारली. तेल, उटणं, चिखल, सगळं अंगाला लागलं.

"कागद?" जवान दारात उभा. मी फाईल दिली. त्यानं फोटो बघितला, डब्याचं लालपिवळं तोंड बघितलं, परत फोटो बघितला. "हा तोच आहे?"

"कान बघा," मी म्हणाले. फाटका कान बघून त्यानं हसत फाईल मिटली. मी आरशाचा पट्टा काढला आणि डब्याच्या गळ्यात घातला.

आता वहिनी. त्या अजून पलीकडं गल्ल्यागल्ल्यांतून हिंडत असणार. त्यांनी हॉर्न ऐकला असणार, पण तो आला हे त्यांना कसं कळावं? एकच खूण होती. सगळे बसल्यावरचा हॉर्न. पण माझा हात धजेना. सगळे कुठं बसले होते? वहिनींची शिस्त मी मोडायची? शेवटी डोळे मिटले आणि दाबला. पॉंऽऽऽऽऽ.

थोड्या वेळानं त्या दिसल्या. एका चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून दोन्ही चपला हातात. शर्टाला चिखल. गळ्यात झेंडूची माळ, दिलमायानंच घातली असणार. चालत आल्या, धावत नाही. डब्यानं त्यांच्या अंगावर झेप घेतली तेव्हा मात्र त्या रस्त्यातच खाली बसल्या, आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून "मेल्या, मेल्या" एवढंच म्हणत राहिल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

मग उठल्या, डोळे पुसले, डब्याला गाडीत चढवलं आणि माझ्याकडं वळल्या.

"लांब हॉर्न कुणी मारला?"

"मी."

"सगळे बसले होते?"

"नाही, पण तुम्हाला कळावं म्हणून..."

"मग? मी बसले होते का? इतक्या वर्षांत एकदासुद्धा मी पोर बाहेर असताना लांब हॉर्न मारला नाही. तुझ्या खिडकीखालीसुद्धा नाही!"

मी सीटवरून उतरायला लागले, तर त्यांनी गाडीला वळसा घातला, डावीकडचं दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. पाय पुढं पसरले.

"वहिनी, तुमची सीट इकडं आहे."

"माहितेय," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. "पाय दुखतात माझे. चल."

मी परत सीटवर बसले. किल्ली फिरवली. मग आठवलं. मागं वळून डब्याच्या डोक्यावर हात ठेवला. "एक."

वहिनींच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. झेंडूची एक पाकळी अडकली होती तिथं. "दोन."

त्यांनी एक डोळा उघडला. "आणि तू?"

"ड्रायव्हरला मोजत नसतात," मी म्हणाले, आणि लांब हॉर्न मारला.